रुग्णवाहिकेतला फोन किती सुरक्षित?

नांदेडजवळ विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. किनवट-माहूरकडच्या अत्यवस्थ रुग्णाला इथवर शंभराहून अधिक किलोमीटर यावे लागते. राज्यात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिच्यात डॉक्टर असतात. वाटेतूनच ईसीजी पुढे पाठवला, तर रुग्णालयाला तयारीसाठी वेळ मिळतो.

मात्र तो खासगी फोनवरून व्हॉट्सॲप गटात टाकला, तर अडचण होते. संदेश प्रवासात सांकेतिक असतो. पण पोहोचल्यावर रुग्णाचे नाव आणि आजार प्रत्येकाच्या गॅलरीत उरतो.

म्हणून कामाचा फोन वेगळा हवा. प्रत्येकाचे लॉगिन स्वतंत्र, साठवलेली माहिती सांकेतिक आणि फोन हरवलाच, तर ती दुरून पुसण्याची सोय. रेंज नसेल तिथे नोंद फोनमध्येच सुरक्षित राहावी, नेटवर्क येताच आपोआप जावी. हातमोजे घातल्यावर बोटाचा ठसा चालत नाही, त्यामुळे पिन किंवा कार्डाचा पर्यायही लागतो.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीसाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.