नळाचे पाणी आणि घरचा फिल्टर : टीडीएसचा आकडा काय सांगत नाही?

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले आणि संशयित रुग्णांची संख्या पाहता पाहता दोनशेच्या पुढे गेली. त्यांतील अनेक जण सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरातील होते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले. दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारे हे जंतू आधी जुलाब घडवतात. क्वचित प्रसंगी मात्र संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते.

साहजिकच पाण्याची तपासणी सुरू झाली. फेब्रुवारीत महापालिकेने या भागातील ३० खासगी पाणी प्रकल्पांना टाळे ठोकले. जारमधून 'आरओचे पाणी' विकणाऱ्या काही प्रकल्पांच्या पाण्यात ई-कोलाय जिवाणूही सापडले. आरओ म्हणजे शुद्ध, हा समज किती भाबडा आहे, हे त्यातून दिसून आले.

शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी सहसा स्वच्छ असते. ते बिघडते वाटेत. बहुतेक भारतीय शहरांत पाणी ठरावीक वेळीच येते. नळ बंद झाल्यावर जलवाहिनीतील दाब उतरतो आणि जुन्या, गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. सोसायटीची न धुतलेली टाकी उरलेली कसर भरून काढते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पाण्यात ई-कोलाय मुळीच आढळता कामा नये, आणि किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. नळाच्या पाण्याला येणारा क्लोरीनचा किंचित वास म्हणूनच दोष नव्हे, तो पहारेकरी आहे.

विक्रेता घरी येतो तो टीडीएस मीटर घेऊन. हे उपकरण पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, जंतूंबद्दल चकार शब्द काढत नाही. मानकानुसार टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून पुण्याला मिळणारे पाणी साठवलेल्या पावसाचे असल्याने त्यातील क्षार या मर्यादेच्या बरेच खाली असतात. अशा पाण्याला आरओ लावणे म्हणजे उपयुक्त खनिजे घालवणे आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी मोरीत सोडणे होय. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या पाण्यासाठी आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले होते.

धरणाच्या नळपाण्यासाठी गाळ अडवणारी जाळी, कार्बन आणि त्यापुढे यूव्ही किंवा यूएफ अशी रचना पुरते. यूव्हीचे अतिनील किरण जंतू निष्प्रभ करतात. मात्र त्यासाठी वीज हवी आणि पाणी नितळ हवे, कारण गढुळपणाच्या आडोशाला जंतू वाचतात. यूएफची सूक्ष्म छिद्रांची पटल विजेविना चालते आणि जिवाणू गाळून काढते, पण सर्व विषाणू अडतीलच असे नाही. कार्बन वास आणि क्लोरीन शोषतो. पहारेकरीही त्याच वेळी गेलेला असतो, त्यामुळे असे पाणी फार काळ साठवू नये.

आरओची खरी गरज वेगळ्या ठिकाणी आहे. तेलंगणातील नलगोंडा, राजस्थान किंवा विदर्भाच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड असते. पश्चिम बंगाल आणि बिहारमध्ये आर्सेनिक. ही विरघळलेली द्रव्ये उकळूनही जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. उपनगरांत टँकर वा बोअरवेलवर विसंबणाऱ्या सोसायट्यांनीही आधी प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे. त्यात क्षार, नायट्रेट, फ्लोराइड आणि ई-कोलाय हे घटक पाहिले जावेत. तपासणीचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

घरातले यंत्र वेळेवर न बदललेल्या कार्बन वा पटलामुळे स्वतःच जंतूंचे घर बनू शकते, तेव्हा वार्षिक देखभालीचा खर्च खरेदीपूर्वीच विचारावा. जलवाहिनी फुटल्याची बातमी आली, पाणी गढूळ दिसले किंवा परिसरात जुलाबाची साथ असली, तर ते गाळून खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळावे आणि झाकून ठेवावे.