जेवणाचे टेंडर कसे भरावे?

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौक आहे. तिथून एक रस्ता अदालतीकडे जातो, एक जालन्याकडे. दोन्ही बाजूंना कचेऱ्या, बँका, दुकाने. शहरात वसतिगृहे आहेत, दवाखाने आहेत. या सगळ्या ठिकाणी माणसे जेवतात. मग ते जेवण कोण पुरवतो? ज्याला टेंडर मिळते, तो!

टेंडर म्हणजे काय? सरकारी खात्याला शंभर माणसांचे जेवण हवे असते. खाते जाहीर नोटीस काढते. काय हवे, किती हवे, अटी कोणत्या, हे त्यात लिहिलेले असते. ज्यांना काम हवे, ते आपला दर लिहून देतात. कागदपत्रे बरोबर असलेल्यांत ज्याचा दर कमी, त्याला बहुधा काम मिळते.

हे मोठ्या ठेकेदारांचे काम, आपले नव्हे, असे पुष्कळांना वाटते. पण तसे नाही. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत. बचत गट, महिला मंडळे यांना काम द्यावे. पुढे 2016 साली महाराष्ट्रात या आहाराचे टेंडर निघाले. त्यातल्या अटी लहान गटांना झेपण्यासारख्या नव्हत्या. वैष्णोराणी महिला बचत गट आणि दुसरे काही गट कोर्टात गेले. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने ते टेंडर रद्द केले आणि नवे काढायला सांगितले. अटी वाचल्या, म्हणून अन्याय कळला. न वाचता अंगठा उठवला असता, तर काय कळलं असतं?

म्हणून पहिले काम, नोटीस शेवटपर्यंत वाचा. एकीने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. शेवटची तारीख आणि वेळ लिहून ठेवा. कधी कधी मागून शुद्धिपत्रक निघते. तेही बघा. अट कळली नाही, तर टेंडरपूर्व बैठकीत विचारा. विचारायला लाजू नका.

दुसरे काम, कागद जमवा. अन्न परवाना, पॅन कार्ड, गटाची नोंदणी, बँकेचे पासबुक, जुन्या कामाचे दाखले. बयाणा रक्कम भरावी लागते. कुणाला सूट आहे, ते नोटिशीत असते. एक कागद कमी पडला, तर दर उघडून बघतही नाहीत.

आता मोठी टेंडरे संगणकावर भरतात. त्याला डिजिटल सही लागते. ती सही आणि तिचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नका. कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखेच ते आहे. शेवटच्या दिवसाची वाटही बघू नका. ऐन वेळी वीज जाते, यंत्र अडते.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. दर ठरवा. समजा, रोज शंभर ताटे द्यायची आहेत.

किराणा व भाजी – 2800 रुपये
गॅस – 300 रुपये
तीन बायांची मजुरी – 900 रुपये
गाडीभाडे – 250 रुपये
सांडलवंड – 150 रुपये
एकूण – 4400 रुपये

म्हणजे एका ताटाला 44 रुपये खर्च आला. त्यावर 6 रुपये नफा धरला, तर दर झाला 50 रुपये. कर दरात धरायचा की वेगळा, ते नोटिशीत बघा.

काम मिळावे म्हणून कुणी 38 रुपये लिहिले, तर? ताटामागे 6 रुपये तोटा. दिवसाला 600. महिन्याचे 25 दिवस धरले, तर 15,000 रुपये खड्ड्यात! मग डाळ पातळ होते, लेकरांची पोटे रिकामी राहतात आणि गट कर्जात बुडतो. असले टेंडर मिळण्यापेक्षा न मिळालेले बरे.

आणखी एक. बिल लगेच मिळत नाही. दोन महिने लागले, तर नुसत्या किराणा-भाजीलाच 1,40,000 रुपये आधी घालावे लागतील. तेवढे आपल्यापाशी आहेत का? नसतील, तर लहान काम घ्या. अंथरूण पाहून पाय पसरावे.

स्वयंपाक आपल्या बायाबापड्यांना कुणी शिकवायला नको. हिशेब मात्र आधी कागदावर मांडायला हवा. चूल त्यानंतर पेटवावी.