टॅपेटची टकटक

डोईफोडियासारख्या गावात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. केळीच्या बागेत जावयाचे असो, कापसाचा भाव विचारावयाचा असो, की आजारी माणसाला खकनारला किंवा बुऱ्हाणपूरला न्यावयाचे असो, घरातील हे वाहनच प्रथम बाहेर निघते. आमच्या विद्यार्थ्यांना तिचे बाह्यांग तोंडपाठ असते. आत काय चालते ते मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हालाही ते ठाऊक नव्हते. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. आमचा संबंध व्याकरणाशी आणि इतिहासाशी. तरीही गेल्या वर्षी दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर आपल्या गाडीचे टॅपेट आपणच जुळविण्याचे धाडस आम्ही केले. त्यातून जो अनर्थ ओढवता ओढवता टळला, तो सांगण्यात आम्हाला संकोच वाटतो. पण त्या निमित्ताने जे समजले ते वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

प्रथम इंजिनाची रचना पाहू. आजच्या बहुतेक मोटारसायकलींचे इंजिन चार धावांचे, म्हणजे कारागिरांच्या भाषेत फोरस्ट्रोक असते. जर्मनीतील निकोलाउस ऑटो याने १८७६ साली अशा इंजिनाला व्यवहार्य रूप दिले. पहिल्या धावेत दट्ट्या खाली जातो आणि पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या धावेत ते दाबले जाते. तिसऱ्या धावेत ठिणगी पडून ते पेटते व दट्ट्याला खाली लोटते. चौथ्या धावेत जळलेला वायू बाहेर जातो. मिश्रण आत घेण्यास एक झडप आणि धूर बाहेर सोडण्यास दुसरी झडप लागते. आमच्या वडिलांच्या पिढीतील राजदूत १७५ किंवा येझदी या गाड्या दोन धावांच्या होत्या. त्यांना अशा झडपाच नसत, म्हणून टॅपेट जुळविण्याचा प्रश्नही नसे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी आली आणि चार धावांची लहान इंजिने घरोघर पोहोचू लागली.

या झडपा उघडण्याचे काम कॅम नावाचा उंचवटा करतो. तो फिरता फिरता रॉकर नावाच्या छोट्या तरफेला उचलतो. तरफेचे दुसरे टोक झडपेला खाली दाबते. कॅम पुढे सरकला की स्प्रिंग झडपेला परत जागेवर बसविते. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक झडप एकदा उघडते. गाडी जागेवर उभी राहून मिनिटाला १४०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप ७०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ वेळा उघडते. ६००० फेऱ्यांना हीच संख्या सेकंदाला ५० होते.

आता मुख्य मुद्दा. रॉकरच्या टोकाचा पेच आणि झडपेचे डोके यांच्यामध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. रेल्वेच्या रुळांच्या जोडात फट का ठेवतात, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकलो आहोत. येथेही कारण तेच. १०० मिलिमीटर लांबीची पोलादी सळई १०० अंशांनी तापली, तर ती सुमारे ०.१२ मिलिमीटरने वाढते. धूर सोडणारी झडप तर याहून कितीतरी अधिक तापते. तिला वाढावयास जागा ठेवली नाही, तर ती रॉकरला टेकते आणि पूर्ण मिटत नाही. लहान गाड्यांत ही फट मिलिमीटरच्या विसाव्या किंवा दहाव्या भागाएवढी, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या आसपास असते. नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

हे सारे आम्ही वाचले होते. फीलर गेज, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा, आम्ही बुऱ्हाणपूरहून आणला. रविवारी सकाळी गाडी सावलीत घेतली, वरची टोपणे काढली आणि दट्ट्या अगदी वर आल्याची खूण पाहून काम सुरू केले. मॅग्नेटच्या चाकावर 'टी' अक्षर असते. ते खाचेसमोर आले की दट्ट्या वर आला असे समजावयाचे. रॉकर घट्ट लागला, म्हणून पेच सैल करून पाते कसेबसे आत घातले, चेकनट आवळला आणि मोठ्या समाधानाने किक मारली. गाडी सुरू झाली. पण आधी जिचा आवाज ऐकूही येत नव्हता, ती आता शिवणयंत्रासारखी टकटक करू लागली.

चूक कोठे झाली होती? चार धावांत दट्ट्या दोन वेळा वर येतो, म्हणून 'टी' अक्षरही दोन वेळा खाचेसमोर येते. एकदा मिश्रण दाबले गेल्यावर. तेव्हा दोन्ही झडपा मिटलेल्या आणि दोन्ही रॉकर मोकळे असतात. दुसऱ्यांदा धूर बाहेर जाण्याच्या शेवटी. तेव्हा धुराची झडप मिटत असते आणि मिश्रणाची उघडू लागलेली असते, म्हणून दोन्ही रॉकर घट्ट लागतात. आम्ही नेमक्या या दुसऱ्या वेळी पाते घातले. उघड्या झडपेवर फट मिळविण्यासाठी पेच जितका सैल केला, तितकी झडप मिटल्यावर फट वाढली. फट वाढली की कॅम रॉकरला उशिरा गाठतो आणि दोन्ही टोके एकमेकांवर आपटतात. हीच ती टकटक. शिवाय झडप कमी उघडते, त्यामुळे गाडीची ताकदही घटते.

ही चूक त्या दिवशी कळली असती तर पुढचा प्रसंग टळला असता. पण ओट्यावर बसलेल्या एका शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "मास्तर, पेच आवळून टाका, आवाज आपोआप जाईल." सायंकाळी आम्ही चाक फिरवून रॉकर मोकळे केले, पाते न लावताच पेच पूर्ण आवळले आणि गाडी सुरू केली. आवाज खरोखरच गेला. इतकी शांत गाडी आम्ही कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वर्गातील एका मुलाला परीक्षेच्या केंद्रावर पोहोचवावयाचे होते. त्याचे वडील मजुरीसाठी परगावी गेले होते आणि गावातील बस चुकली होती. इंजिन गार असेपर्यंत गाडी नीट चालली. तापल्यावर तिची ओढ कमी होऊ लागली आणि एका चढावर ती बंद पडली. किक हलकी जात होती, जणू आत काही प्रतिकारच उरला नव्हता. मुलाच्या हातात पट्टी आणि पेन होते. तो एक शब्दही बोलला नाही, आणि तेच आम्हाला अधिक लागले. केळीने भरलेला एक टेम्पो थांबला, त्यात त्याला बसविले. तो शेवटच्या घंटेला केंद्रावर पोहोचला. आमच्या एका पेचापायी त्याचे वर्ष जावयाचे होते.

गाडी थांबली ती का, हे बुऱ्हाणपूरच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींनी समजावून दिले. झडप तापून लांबली, तिला जागा नव्हती, म्हणून ती उघडीच राहिली. दाब निघून गेला आणि मिश्रण पेटेना. याहून मोठा धोका पुढे असतो. झडपेची बरीचशी उष्णता, ती मिटून बैठकीला टेकते तेव्हाच, बैठकीतून बाहेर जाते. नीट न मिटणारी झडप निवतच नाही. तिच्या कडेने जळते वायू सुटत राहतात आणि शेवटी कड करपते. मग टॅपेट जुळवून भागत नाही, इंजिन खोलावे लागते. थोडक्यात, सैल टॅपेट ओरडून सांगते. आवळलेले टॅपेट न बोलता नुकसान करते.

तेव्हा टॅपेट जुळविल्यानंतर आवाज येऊ लागला, तर पुढील क्रमाने विचार करावा.

पहिले, इंजिन पूर्ण गार होते काय? आमच्या निमाडात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दुपारी उभी असलेली गाडीही गार नसते. हे काम पहाटेच करावे.

दुसरे, 'टी' खुणेवर दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलतात काय? हलत नसतील, तर इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवावे.

तिसरे, चेकनट आवळताना पेचही त्याच्याबरोबर फिरतो. म्हणून आवळल्यावर पाते पुन्हा घालून पाहावे. ते किंचित अडत सरकले पाहिजे.

चौथे, पेचाचे टोक किंवा रॉकर झिजून खळगा पडला आहे काय? सपाट पाते खळग्यावरून जाते आणि फट आहे त्याहून कमी दाखविते.

पाचवे, आवाज टॅपेटचाच आहे काय? तेल कमी झाले तरी वरचे भाग वाजतात. सैल टायमिंग चेन खुळखुळते. सायलेन्सरचा जोड सुटला तर फटफट ऐकू येते. वजन ओढताना खालून जड ठोके आले, तर गाडी न चालविता मिस्त्रीकडे न्यावी.

आवाजाची जागा शोधण्यासाठी मिस्त्री लांब लाकडी दांडीचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाजवळ लावतात. मात्र फिरत्या भागांपासून हात आणि कपडे दूर ठेवावेत आणि बंद खोलीत इंजिन कधीही चालवू नये, कारण त्याचा धूर प्राणघातक असतो. गोव्याकडे आमची आई जत्रेत बुडकुलो, म्हणजे मातीचे मडके, घेताना ते बोटाने वाजवी आणि आम्हाला म्हणे, "आयक." अखंड मडके खणखणे, चिरलेले बद्द वाजे. मिस्त्रींना दांडी कानाशी धरलेली पाहून आम्हाला तिची आठवण झाली.

मिस्त्रींनी इंजिन गार होऊ दिले, दोन पात्यांनी फट मोजली, चेकनट आवळून पुन्हा मोजली आणि गाडी सुरू केली. तरीही एक बारीक टिकटिक राहिलीच. आम्ही ती दाखविताच ते हसून म्हणाले, "गुरुजी, एवढी राहू द्या. ती आहे म्हणून झडप मिटते आहे."

विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांच्या परवानगीवाचून इंजिन उघडू नये. पण उघडले जात असेल तेव्हा शेजारी बसून अवश्य पाहावे आणि काय केले ते वहीत टिपावे. गणित चुकल्यावर उत्तर खोडून शेजाऱ्याचे उत्तर लिहू नका, पायऱ्या तपासा, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. गाडीच्या बाबतीत आम्ही स्वतः उत्तर खोडले होते. तो मुलगा त्या वर्षी उत्तीर्ण झाला, हे त्याचे श्रेय. आणि आमच्या खिशात आता फीलर गेज असते, हा त्याचा उपकार.