संयुक्त अवधान आणि परचित्ताचा बोध

मिरकरवाडा बंदरात शिरणारी होडी पाहून आईच्या कडेवरील वर्ष-सव्वा वर्षाचे मूल त्या दिशेस बोट दाखविते आणि लगेच मान वळवून आईच्या मुखाकडे पाहते. होडी हवी, असा त्या बोटाचा अर्थ नव्हे. मी पाहतो ते तूही पाहा, असा आहे. मूल, वस्तू आणि दुसरी व्यक्ती यांना जोडणाऱ्या या व्यापारास संयुक्त अवधान म्हणतात. परचित्ताच्या बोधाची ही आरंभीची पायरी होय.

पुढील पायरीची परीक्षा 1985 साली बॅरन-कोहेन, लेस्ली व फ्रिथ यांनी योजिली. एक बाहुली गोटी टोपलीत ठेवून जाते. तिच्यामागे दुसरी ती पेटीत हलविते. परतलेली बाहुली गोटी कोठे शोधील? डाउन संलक्षण असलेल्या 14 मुलांपैकी 12 जणांनी 'टोपलीत' हे योग्य उत्तर दिले. स्वमग्न 20 मुलांपैकी केवळ 4 जणांनी. स्वमग्न मुलांचे मानसिक वय तुलनेने अधिक होते. तेव्हा ही उणीव केवळ सामान्य बुद्धीची म्हणता येत नाही. तथापि चौघे उत्तीर्ण झाले, हेही विसरता कामा नये. शिवाय ही परीक्षा सुमारे चौथ्या वर्षानंतरच घेता येते. संयुक्त अवधानातील फरक मात्र पुष्कळदा दुसऱ्या वर्षातच दिसू लागतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अवधानन्यूनता व अतिचंचलता असलेले मूल दुसऱ्याचा हेतू बहुधा जाणते. परंतु त्याचे लक्ष टिकत नाही, आवेग आवरत नाही, म्हणून संभाषणातील खुणा निसटतात. स्वमग्न मुलाचे लक्ष एखाद्या वस्तूवर दीर्घकाळ खिळते. ते दुसऱ्याशी वाटून घेणे त्यास कठीण जाते. दोन्ही अवस्था एकाच मुलात असू शकतात. उत्तर गोव्यासह भारतातील पाच ठिकाणच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मज्जाविकासाचे विकार असलेल्या मुलांपैकी जवळजवळ एकपंचमांश मुलांत एकाहून अधिक विकार आढळले.

या भेदाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. हाकेला ओ न देणारे मूल 'हट्टी' वा 'लाडावलेले' ठरते आणि साहाय्याची मोलाची वर्षे निघून जातात. 2013 साली आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांच्या तपासणीत विकासातील विलंबाचाही समावेश आहे. एका लक्षणावरून निदान करू नये, श्रवणाची परीक्षा आधी व्हावी, हे खरेच. परंतु मूल लक्ष देते काय, एवढेच विचारून न थांबता ते आपले लक्ष कोणाशी वाटून घेते, हेही निरीक्षकाने पाहिले पाहिजे.