घरी रोल धुताना

कॅमेऱ्यातील रोल पूर्वी स्टुडिओत ‘धुवायला’ देत असत. त्या शब्दाचा खरा अर्थ आम्हाला उशिरा उमगला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेऊन परतल्यावर आमच्या वडिलांनी एक छायाचित्र काढवून घेतले होते. ते आज इतके पिवळे पडले आहे, की चेहरा अंदाजानेच ओळखावा लागतो. धुण्यात कसूर राहिली होती.

फिल्मवरील जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे कण असतात. प्रकाश लागलेल्या कणांची डेव्हलपरमध्ये काळी, धातुरूप चांदी होते. उरलेले क्षार हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवतो. कागदावरील छायाचित्रालाही हेच लागू. परंतु हायपो पाण्याने पुरता गेला नाही, तर त्यातील गंधक पुढे चांदीशीच संयोग पावते आणि चित्र पिवळे पडू लागते.

सेवाग्रामचे दिवस कनू गांधींच्या कॅमेऱ्याने जपले. आमच्या वस्त्यांची छायाचित्रे मोजकीच. म्हणून शाळेचे कृष्णधवल रोल आम्ही घरीच धुवू लागलो. रात्री न्हाणीघराच्या दाराच्या फटीत गोधडी खोचून, मिट्ट काळोखात, रोल टाकीतल्या चक्रीवर चढवायचा. सिनेमात दिसतो तो लाल दिवा कागदासाठी. नेहमीच्या फिल्मला तोही चालत नाही. झाकण बसले की दिवा लावावा. डेव्हलपर 20 अंशांच्या आसपास हवा, आणि वर्ध्याचा उन्हाळा तर 45 अंश गाठतो! ऊन पाण्यात जिलेटिन फुगून मऊ पडते. हे काम आम्ही डिसेंबर-जानेवारीतच उरकतो. अडलेच तर माठाचे पाणी आणि बर्फाची परात. तक्त्याप्रमाणे मिनिटे मोजून डेव्हलपर ओतून काढला, की एकदा साधे पाणी, मग हायपो.

राहिले धुणे. वाहत्या पाण्याखाली अर्धा तास, असा जुना प्रघात. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला तो कसा परवडावा? इल्फोर्ड कंपनीची रीत सोयीची : टाकी भरून 5 वेळा उलटीसुलटी करावी, पाणी बदलून 10 वेळा, पुन्हा बदलून 20 वेळा. मात्र फिक्सरमध्ये तुरटी नसावी. बोअरच्या जड पाण्याचे डाग राहतात. शेवटचे पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्यावे.

वाळलेल्या निगेटिव्हच्या सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या आम्ही कागदी पाकिटांत ठेवतो. पाकिटावर आधीच पेन्सिलीने तारीख, गाव आणि उभ्या असलेल्यांची नावे लिहितो. वडिलांच्या छायाचित्रामागे काहीच लिहिलेले नाही.