ड्रॉइंगसाठी कॉम्प्युटर घेताना

मुलगी आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या ट्रेडला लागली की घरात कॉम्प्युटरचा विषय निघतो. पतपेढीचे कर्ज काढावे लागते. म्हणून पालकांनी दुकानात जाण्याआधी थोडे समजून घ्यावे.

दुकानदार सांगतो, "जास्त कोअर, जास्त वेग." कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक कामगार. पण ऑटोकॅडचे बहुतेक काम एकच कोअर करतो. आमच्या कचेरीत एका रजिस्टरवर एकाच वेळी आठ कारकून लिहू शकत नाहीत. लिहिणाऱ्याचा हात भरभर चालावा लागतो. तसेच हे आहे. म्हणून वेग पाहा. मूळ वेग 3 गिगाहर्ट्झ आणि टर्बो 4 च्या पुढे असावा. तुलना मात्र एकाच पिढीच्या प्रोसेसरांची करा. जुन्या पिढीचा मोठा आकडा फसवतो.

इमारतीचे फोटोसारखे चित्र काढणे, म्हणजे रेंडरिंग, हे काम वाटून घेता येते. तेथे जास्त कोअर उपयोगी पडतात.

नावाचे शेवटचे अक्षरही वाचा. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये 'यू' वीज वाचवणारा, 'एच' जास्त ताकदीचा. डेस्कटॉपच्या 'एफ'मध्ये ग्राफिक्स नसते. कार्ड वेगळे घ्यावे लागते.

शिकणाऱ्या मुलांना आय-5 किंवा रायझन-5 पुरेसा आहे. वाचलेल्या पैशात रॅम 16 जीबी करा. ऑटोडेस्क कंपनी पात्र विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी ऑटोकॅड मोफत देते, हेही लक्षात ठेवा.

हप्ते आपणच फेडणार आहोत. तेव्हा दुकानात प्रश्नही आपणच विचारले पाहिजेत.