तणाचे बी कायले ठेवायचे?

आमच्या नागऱ्यात धानाच्या बांध्या आहेत. रोवणी झाली की निंदण येते. निंदून निंदून माझ्या आजीची कंबर दुखते, म्हणून तण म्हटले की तिला राग येतो. मी तळ्याच्या काठचे देवधान घरी आणले तेव्हा ती म्हणाली, "कायले आनलंस वं पोरी? आमी जलमभर थेच उपटत आलो."

देवधान म्हणजे जंगली धान. त्याला लांब कुसळ असते. पिकले की दाणे आपोआप चिखलात झडतात. म्हणून मी लोंबीला आधीच फडक्याची पिशवी बांधली होती.

गुरुजींनी आम्हाला एक खरी गोष्ट सांगितली. १९७० च्या सुमारास फिलिपाईन्स देशात धानावर विषाणूचा रोग आला. तो तुडतुड्यांमुळे पसरायचा. धान खुजे राहायचे. तिथल्या भात संशोधन संस्थेने ६००० हून जास्त नमुने तपासले. रोगाला दाद न देणारे एकच निघाले, आपल्या उत्तर प्रदेशातले जंगली धान! त्याचे बी १९६३ साली कोणीतरी जमा करून ठेवले होते. त्याच्या संकरातून आय. आर. ३६ सारख्या जाती तयार झाल्या. ते बी त्या वेळी फेकून दिले असते तर?

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत असे बी खूप वाळवून, हवाबंद पाकिटात, शून्याखाली १८ अंश थंडीत ठेवतात. आपल्याकडे एवढी थंडी कुठली! पण वाळवणे जमते. पहिल्यांदा मी ओलसर दाणे पॉलिथिनच्या पिशवीत बांधले, तर बुरशी आली. मग दुसरे दाणे सावलीत कागदावर वाळवले. दाताखाली कट्‌ वाजले तेव्हा काचेच्या बरणीत भरले. तळाला कोरडा कोळसा ठेवला, तो ओल ओढतो. चिठ्ठीवर नाव, जागा आणि तारीख लिहिली.

नंतर दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवले. दोनच उगवले. मला वाटले, बाकीचे मेले. गुरुजी म्हणाले, निजले असतील. तणाचे बी लबाड असते, सगळे एकदम उगवले तर एकाच निंदणात संपेल ना! अमेरिकेत बील नावाच्या प्राध्यापकांनी १८७९ साली तणांचे बी बाटल्यांत भरून पुरले होते. २०२१ साली एक बाटली उकरली, तर १४२ वर्षांनीसुद्धा काही बी उगवले. म्हणून बँकेतले लोक न उगवलेले बी निजले की मेले, हे तपासून पाहतात.

आता बरणी वरच्या फळीवर आहे, बियाण्याच्या धानापासून दूर. आजीनेच तिथे ठेवायला लावली. म्हणते, "बांधीत सांडलं त निंदाले तूच येजो."